सातवा अर्ज

देवळातली काल्याची हंडी दुपारी बाराला फुटली. एकच्या सुमारास यमुताई घरी आल्या तेव्हा त्यांच्या निऱ्यांत जोंधळ्याच्या लाह्या अडकल्या होत्या, गळ्यातला हार तसाच होता आणि आवाज पार बसला होता. सप्ताहाचे पहिले तीन दिवस बाहेरगावच्या बुवांचे, पुढचे चार यमुताईंचे. सत्तराव्या वर्षी रोज अडीच तास उभं राहायचं, गायचं, हसवायचं, रडवायचं आणि शेवटी सगळ्यांना देवाच्या पायाशी नेऊन सोडायचं. आज तर महाल भागातल्या त्या देवळात बसायला जागा नव्हती. बाया जिन्यावर बसल्या, गडी चपलांच्या ढिगापाशी उभे राहिले, आणि आख्यान संपलं तेव्हा डोळे पुसायला कोणी लाजलं नाही.

घरात पाऊल टाकताच मात्र त्यांना कळलं की इथं वेगळंच आख्यान लागलं आहे. धाकटा भाऊ कृष्णकांत खिडकीकडे तोंड करून बसला होता. भावजय प्रेमिला गोळाभातावर घालायचं तेल कढवत होती आणि पळी जरा जास्तच आपटत होती. भाचा अर्णव मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, भाची मुग्धा ताटं मांडत होती. टेबलाच्या मधोमध लोणच्याच्या बरणीखाली एक कागद दाबून ठेवला होता.

"ताई, हातपाय धुवा अन् जेवून घ्या," प्रेमिला म्हणाली. "भांडण मंग आहेच."

"म्हणजे अजून सुरू नाही झालं? बरं झालं बाई. पूर्वरंग चुकला नाही माझा."

कोणी हसलं नाही. यमुताईंनी हातपाय धुतले, हार काढून देवापुढे ठेवला, हात जोडले आणि ओल्या हातानंच कागद ओढला. मुग्धाच्या वीज कंपनीच्या ऑफिसातल्या कोणीतरी टाइप केलेला होता. 'मी, खाली सही करणार, कु. मुग्धा कृष्णकांत आष्टनकर हिचा पालक / पती, असे लिहून देतो की तिच्या हॉटलाइन पथकातील नेमणुकीस माझी संमती असून, काही बरेवाईट झाल्यास माझी तक्रार राहणार नाही.'

"हॉटलाइन म्हणजे काय गं?"

"चालू लाइनवरचं काम, आत्या. ते मोठे टॉवर असतात ना, त्यांची लाइन बंद केली तर अर्ध्या जिल्ह्यात अंधार होतो. म्हणून बंद न करताच दुरुस्ती करतात. पथक वेगळं, ट्रेनिंग वेगळं. आमच्याकडून सात जण निवडले. सहा गडी आणि मी."

"आणि साऱ्यांनी असा कागद दिला?"

"त्यांनी फक्त अर्ज दिले. कागद माझ्याकडेच मागितला. साहेब म्हणाले, नियमात नाही मॅडम, पण लेडीजचं म्हणजे कसं असतं... उद्या दहापर्यंत आणा, नाहीतर मी सहाच नावं पाठवतो."

यमुताईंनी भावाच्या पाठीकडे पाहिलं. "अन् कृष्णा?"

खिडकीकडून उत्तर आलं. "सही नाही."

"काहून?"

"एकतीस वर्षं लाइनवर काढली म्या. पंजा दाखवू का?" त्यानं उजवा हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं. पुढं नुसती चकचकीत गुलाबी कातडी.

"बापा, तो पंजा मी बावीस वर्षं पाहून राहिले. तुझा पंजा म्हणजे काही उत्तर नाही. चल, जेवायला बस."

सगळे बसले. भात वाढून झाला. प्रेमिलानं ओटीचा खण-नारळ आणि बिदागीचं पाकीट देवाजवळ नेऊन ठेवलं, तेव्हा वातावरण हलकं करायला अर्णव म्हणाला, "आत्या, या वर्षी किती?"

"मला चार दिवसांचे अकरा हजार. बुवांना तीन दिवसांचे एकवीस."

"ऑं? उलटं नाही का?"

"मी विचारलं ना ट्रस्टीला. म्हणाले, यमुताई, बुवांना संसार आहे. शिवाय तुमची ओटीही भरली." यमुताई बसक्या आवाजात हसल्या. "वीस वर्षं पाहून राहिले मी. ओटी भरली की पाकीट हलकं होतं."

हसू त्यांचं त्यांच्यापाशीच राहिलं. देवाच्या नामाचा भाव करू नये हे त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या. पण भाव जर होतच असेल, तर तो देवाच्या नामाचा होतो की नाम घेणारीच्या पदराचा, हा प्रश्न आज पहिल्यांदा त्यांना पडला.

*

मुग्धाचं लक्ष भावाकडे होतं. परवा सकाळी स्कूटरवरून ऑफिसला सोडताना दादानं शब्द दिला होता, बाबा अडले तर मी करतो सही, भाऊपण पालकच की. आता तो कढी ढवळत बसला होता.

"दादा, बोल ना."

अर्णव विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर होता. त्यानं चमचा खाली ठेवला. "मी काल आमचं दरपत्रक पाहिलं, मुग्धा. प्रत्येक कामाला धोक्याचा वर्ग असतो. तुझं हे काम खाणीत सुरुंग लावणाऱ्यांच्या शेजारी आहे."

"बरं मग?"

"मग काय? कामावर जीव गेलेल्या माणसांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. नऊ वर्षांत बाया किती आल्या असतील? दोन? बाकी सारे गडी. टॉवरवरचे, ट्रकवरचे, गटारात उतरलेले. गड्यांना जास्त मिळतं असं तुम्ही म्हणता. पण फुकट नाही मिळत. जीव लावतात तेव्हा मिळतं."

"मला मान्य आहे."

अर्णव गोंधळला. तो वादाला तयार होता, मान्यतेला नाही.

"अगदी मान्य आहे," मुग्धा म्हणाली. "म्हणून तर मलाही जीव लावू दे आणि तेवढंच मिळू दे. तुझा मित्र अंकुश आणि मी एकाच दिवशी लागलो ना नोकरीला? एकच परीक्षा, मार्क मला जास्त. मूळ पगार दोघांचा सारखा, नियमानंच. तो दुसऱ्या दिवशी टॉवरवर गेला आणि मला म्हणाले, मॅडम, तुम्ही सावलीत बसा. तीन वर्षं रेकॉर्डच्या खोलीत बसवलं मला. बाहेरचा भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, बढतीला लागतो तो मैदानातला अनुभव नाही. आज त्याच्या हातात माझ्यापेक्षा तेरा हजार जास्त पडतात. मला कोणी कमी दिलं नाही, दादा. जिथं जास्त मिळतं तिथं जाऊच दिलं नाही."

"तेरा हजारासाठी जळून घेशील का वं?" प्रेमिलानं वाढायला उचललेली तेलाची वाटी हातातच धरली. "म्या पाहिलं आहे जळकं माणूस. तुह्या बापाच्या पट्ट्या म्याच बदलत होती. तू सहा वर्षांची होती, पट्टी सोडली का मोरीत जाऊन कान झाकून बसायची. तुले आठवत नसन."

"आठवते, आई."

"मंग?"

मुग्धाच्या आधी यमुताईच बोलल्या. "अर्णव, तुझ्या त्या पत्रकात नर्स कुठं असते रे?"

"नर्स? ती सगळ्यात खालच्या वर्गात. ऑफिसातल्या कारकुनाजवळ. सुरक्षित काम."

प्रेमिलानं वाटी खाली ठेवली.

सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं तिनं नोकरी केली होती. नवरा अंथरुणाला खिळला त्या साली दुप्पट ड्युटी मिळावी म्हणून क्षयाच्या वॉर्डात बदली मागून घेतली होती. तिथं जायला दुसरं कोणी तयार नसे. दोन वर्षांनी तिलाच खोकला लागला. नऊ महिने गोळ्या. माहेरी कळवलं, थकवा आहे. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, होतं असं, आपल्या कामात होतंच. कोणी चौकशी केली नाही, कोणी पंचनामा केला नाही, आणि या घरातही त्याला कधी अपघात म्हटलं गेलं नाही. तिनंही म्हटलं नव्हतं.

"सुरक्षित," ती स्वतःशीच म्हणाली. मग लेकाकडे वळली. "अर्णव, तुमचं ते पत्रक ज्यानं बनवलं ना, त्याले म्हणा एक दिवस माह्या वॉर्डात ये. अन् माहा दावा तुह्या टेबलावर काहून नाही आला सांगू? म्या मेली नाही म्हणून."

"आई, मी तसं नाही म्हटलं..."

"तू नाही म्हटलं. पत्रकानं म्हटलं." तिनं आपलं ताट उचललं, नवऱ्याशेजारची नेहमीची जागा सोडली आणि मुग्धाच्या बाजूला येऊन बसली. या घरात चौतीस वर्षांत ती जागा बदलली नव्हती.

*

कृष्णकांतनं ते पाहिलं. भाताचा गोळा हातातच राहिला.

"तुम्हाले वाटते मी पोट्टीले कमी समजतो," तो हळू आवाजात म्हणाला. "नाही. मी लाइनले जास्त समजतो. आपण कितीही नीट राहिलो तरी दुसऱ्याच्या चुकीनं माणूस जाते. माहं काय झालं? ऑपरेटरनं विचारलं नाही, लाइन चालू करून दिली. माहा काय गुन्हा होता?"

"बाबा, साखळी लावली असती तर..."

मुग्धानं ओठ मिटले. पण बोलणं निघून गेलं होतं.

आता हे साऱ्यांना ठाऊक नसतं. लाइन बंद केली तरी लाइनमन लगेच हात लावत नाही. आधी तारांना साखळी लावून ती जमिनीशी बांधतो. चुकून कुठून करंट आलाच तर तो साखळीवाटे जमिनीत उतरतो, माणसात नाही. हे काम पहिल्या दिवशी शिकवतात.

कृष्णकांतनं हातातला गोळा ताटात ठेवला. साखळीचं या घरात कोणाला माहीत नव्हतं. ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं.

"फाइल वाचली तू."

"हो बाबा."

"कधी?"

"रेकॉर्डच्या खोलीत बसवलं त्या पहिल्याच पावसाळ्यात. अपघातांच्या सगळ्या फायली तिथंच असतात."

"पाच वर्षं झाली त्याले. बोलली नाही कधी?"

"वरती तुमचं नाव होतं ना." मुग्धाचे डोळे भरले, पण आवाज सरळ राहिला. "तुम्ही सांगाल तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं."

कृष्णकांतनं हात धुतला. अर्धवट जेवणावरून उठणं या घरात अपशकुन मानत, पण आज त्याला कोणी टोकलं नाही. तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला. सभामंडपात कथेला उभं राहतात तसा, फक्त मान खाली घालून.

"ताई, त्या दिवशी मोठ्या देवळात तुहं पहिलं कीर्तन होतं. पाच वाजता."

"आठवते. पहिल्या रांगेत तुझी जागा राखली होती मी."

"काटोलकडे काम होतं. पावणेचार झाले होते. साखळी गाडीत होती अन् गाडी दोन वावरं दूर. म्या म्हटलं, लाइन तर बंद आहे, पाच मिनिटांचं काम. पूर्वरंग चुकला तरी चालन, आख्यान चुकायचं नव्हतं मले. साखळी न लावताच चढलो. तिकडे जिनिंगवाल्यानं जनरेटर लावला, त्याचा उलटा करंट लाइनमध्ये आला. ऑपरेटरची काहीच चूक नव्हती. तो बिचारा दवाखान्यात येऊन रडला, अन् म्या त्यालेच दोष दिला. चौकशीत तो सुटला. आपल्या घरात कधी सुटला नाही."

कुकरची शिटी वाजली. प्रेमिलानं उठून गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली.

यमुताईंना त्या संध्याकाळची रिकामी सतरंजी दिसत होती. भाऊ येत नाही म्हणून त्या मनातून रागावल्या होत्या आणि त्या रागातच गायल्या होत्या; लोक म्हणाले होते, काय आर्तता! निरोप आरतीनंतर आला होता.

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी कीर्तन सोडलं असतं, कृष्णा."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"देवा!" यमुताईंनी डोळे मिटले. मग त्यांनी भावाचा तो अर्धा पंजा ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. "कीर्तनाच्या ओढीनं धावत होतास म्हणतोस. बरं. पण देव घाईचा भुकेला नाही रे. मी तुझ्यासाठी थांबले असते. सारं देऊळ थांबवलं असतं."

"अकरा महिने पडून होतो. घर तुह्या बिदागीवर अन् हिच्या पगारावर चाललं." त्यानं ओट्याकडे पाहिलं. "अन् उठल्यावर म्या पोरांले शिकवलं, जोखीम घेते तो कमावते. हिची जोखीम म्या मोजलीच नाही." तो मुग्धाकडे वळला. "मले तुही भीती नाही वाटत, बेटा. भीती याची वाटते का तू माही पोट्टी आहे. घाई रक्तात असन तर?"

हा प्रश्न खरा होता. म्हणून मुग्धानं तो झटकला नाही.

"मलाही वाटायची," ती म्हणाली. "म्हणून मी त्या खोलीतल्या एकूण एक फायली वाचल्या, बाबा. जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य आहे. 'लाइन बंद असल्याचे समजून.' बंद समजलेल्या लाइननं माणसं नेली. हॉटलाइनवर कोणी काही समजतच नाही. ती चालू आहे हे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं."

कृष्णकांत खुर्चीत ताठ बसला. प्रेमिलानं ओळखलं, हा नवरा नाही, हा बाप नाही, हा गँगचा म्होरक्या बसला आहे. बारा माणसं त्याच्या शब्दावर चढायची आणि उतरायची.

"टॉवरखाली पोचली. पहिलं काय?"

"हवेतला दमटपणा मोजायचा. जास्त असेल तर काम रद्द."

"साहेब म्हणते, मंत्र्याचा कार्यक्रम आहे, आजच पाहिजे."

"रद्द."

"मंग?"

"सबस्टेशनला फोन. लाइन ट्रिप झाली तर आपोआप परत चालू व्हायची सोय बंद करून घ्यायची आणि तिकडच्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं."

"अंगावरचा धातूच्या जाळीचा सूट?"

"डोक्यापासून मोज्यापर्यंत मीटर लावून तपासायचा. दुसऱ्यानं तपासला असला तरी आपण परत तपासायचा."

"वरती गेली. अर्धं काम झालं. खालून निरोप आला, घरी कोणी सीरियस आहे, लवकर उतर."

हा प्रश्न कोणत्याच पुस्तकात नव्हता.

"जितक्या वेळात चढले, तितकाच वेळ उतरायला घेणार. पोचायला उशीर झाला तरी चालेल, बाबा. पोचायचं आहे."

कृष्णकांतनं टेबलावरचा कागद घेतला, अर्णवच्या खिशातला पेन काढला. 'पालक / पती' या शब्दांवर, मग 'संमती' या शब्दावर आडवी रेघ मारली. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागला. अंगठा आणि दोन बोटांनी लिहायला त्याला वेळ लागे. आज त्यानं घाई केली नाही. चौघंही उभी राहून पाहत होती.

लिहून झाल्यावर त्यानं कागद बहिणीकडे दिला. यमुताईंनी बसक्या आवाजात वाचलं:

"'साहेब, माझ्यासोबत जे गडी भरती झाले त्यांच्या बापाची सही तुमच्या ऑफिसनं मागितली नव्हती, माझ्याही बापाची नाही. म्हणून मी संमती देत नाही. ती देणं माझ्या हाती नाही, मुलगी सज्ञान आहे. मी शिफारस देतो. मी साखळी न लावता चढलो होतो, ते तुमच्या फाइलमध्ये आहे. ही फाइल वाचलेली मुलगी आहे. मी तिला आज तपासलं. माझ्या गँगमध्ये असती तर मी तिच्या शब्दावर वर चढलो असतो. कृष्णकांत आष्टनकर, सेवानिवृत्त प्रधान तंत्रज्ञ.'"

सहीच्या वरची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"बाबा," अर्णव म्हणाला, "हे साहेबांनी घेतलं नाही तर?"

"तर तू जाशीन तिच्यासोबत," प्रेमिलानं नवऱ्याआधीच उत्तर दिलं. "अन् नियम कुठी लिहिला आहे ते विचारशीन. कागद वाचायचाच पगार घेतो ना तू?"

अर्णवनं कान पकडले. पण तो गेलाच. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला स्कूटर ऑफिससमोर लागली.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "मॅडम, हे संमतीपत्र नाही."

"नाही, साहेब. हा माझा अर्ज, आणि ते त्याला जोडलेलं शिफारसपत्र. बाकी सहा अर्जांत घालून घ्या."

"पण उद्या काही झालं तर घरचे लोक..."

"घरचे लोक बाहेर स्कूटरवर बसलेत," मुग्धा म्हणाली. "नियमाचा नंबर विचारायला बोलावू का आत?"

साहेबांनी चष्मा काढला. परत मागची बाजू वाचली. साखळीच्या ओळीपाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली. तेही कधीकाळी लाइनवर होते. मग त्यांनी शिपायाकडून आवकचा शिक्का मागवला आणि यादीत सहाच्या खाली सात लिहिलं.

तिनं पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. महालातल्या घरात तो कृष्णकांतनं पहिल्याच घंटीला उचलला. शेजारी प्रेमिला होती, आणि काढ्याची वाटी घेतलेल्या यमुताई.

"बाबा, घेतला अर्ज. पुढच्या सोमवारी ट्रेनिंग. आजच सामान मिळणार आहे."

कृष्णकांतला खूप काही म्हणायचं होतं. पण बाजूला दोघी कान लावून उभ्या होत्या.

"हातमोजे घालून पाहा आधी," तो म्हणाला. "गड्याच्या मापाचे देतीन ते. बोटाच्या टोकाशी जागा उरली तर मिळाल्याची सही करू नको. भांड, पण आपल्या मापाचे घे."